‘खासगी नाही’ : ब्राउझरच्या इशारावाक्याची एक चिकित्सा

१

वाङ्मयसमीक्षेचे लक्ष ज्याकडे सहसा जात नाही, परंतु ज्याचे वाचन कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक माणसांस करावे लागते, असा एक गद्यप्रकार गेल्या काही दशकांत रूढ झाला आहे. यंत्राने माणसास दिलेला इशारा हा तो प्रकार होय. काव्याचा वाचक स्वेच्छेने वाचावयास बसतो. इशाऱ्याचा वाचक दुसऱ्याच कामासाठी निघालेला असतो आणि वाटेत त्यास अडविले जाते. अशा वाचकासमोर ठेवावयाचे वाक्य किती काटेकोर असले पाहिजे, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या कक्षेत निश्चितपणे येतो. त्यातील एका ठळक उदाहरणाची चिकित्सा येथे करावयाची आहे.

प्रसंग नित्याचा आहे. एखाद्या गृहस्थास घरातील वायफायचा पासवर्ड बदलावयाचा असतो. राउटरच्या तळाशी चिकटविलेल्या पट्टीवर १९२.१६८.१.१ असा पत्ता छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये लिहिताच राउटरचे पृष्ठ उघडण्याऐवजी एक वेगळेच पृष्ठ पुढे येते. क्रोम या ब्राउझरमध्ये त्याचा मथळा ‘युअर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट’, म्हणजे ‘तुमचा संपर्क खासगी नाही’, असा असतो. त्याखाली हल्लेखोर आपली माहिती चोरण्याच्या प्रयत्नात असू शकतील असे सांगून पासवर्ड, संदेश आणि क्रेडिट कार्ड यांचा उदाहरणादाखल उल्लेख केलेला असतो. त्याहून बारीक अक्षरांत एक दुर्बोध संकेत असतो. सुरक्षिततेकडे परत जाण्याचे बटण ठळक असते, तर पुढे जाण्याचा मार्ग ‘अॅडव्हान्स्ड’ या शब्दामागे दडविलेला असतो. राउटर हातभर अंतरावर टेबलावर असतो, त्याचे दिवे लुकलुकत असतात, आणि त्याच्यापर्यंत पोहोचणे धोक्याचे आहे असे यंत्र सांगत असते.

या पृष्ठास संहिता मानून तीन प्रश्न विचारता येतात. तेथील विधान सत्य आहे काय? ते वाचकास कळते काय? आणि ते वाचून वाचकाच्या हातून योग्य कृती घडते काय? या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांपासून भिन्न आहेत आणि त्या भिन्नतेतच या गद्याचा दोष दडलेला आहे.

२

प्रथम या वाक्यामागील व्यवहार समजून घेणे अवश्य आहे. ब्राउझर आणि दूरचे यंत्र यांमधील सुरक्षित संपर्कात दोन स्वतंत्र गोष्टी साधावयाच्या असतात. मधल्या कोणास मजकूर वाचता येऊ नये, ही पहिली. पलीकडचे यंत्र जे असल्याचे सांगते तेच ते आहे अशी खात्री पटावी, ही दुसरी. पहिली गोष्ट कूटलेखनाने साधते. दुसरीसाठी प्रमाणपत्र लागते. पलीकडचे यंत्र आपले नाव आणि आपली जाहीर किल्ली एका प्रमाणपत्रात घालून सादर करते. त्या प्रमाणपत्रावर एखाद्या मान्यताप्राप्त प्रमाणनसंस्थेची सही असावी लागते. अशा संस्थांची यादी ब्राउझरमध्ये अथवा संगणकाच्या कार्यप्रणालीत आधीच भरलेली असते. सही या यादीतील संस्थेपर्यंत पोहोचली, तरच ब्राउझर प्रमाणपत्र ग्राह्य मानतो.

मराठी दप्तरांशी परिचय असलेल्या अभ्यासकास ही रीत अपरिचित वाटू नये. पत्राच्या मस्तकी शिक्का आणि शेवटी मोर्तब ही जुन्या राज्यव्यवहारातील पद्धत लेखकाची ओळख पटविणे आणि मजकुरात मागाहून भर पडू न देणे या दोन्ही हेतूंनी पाळली जाई. डिजिटल सही हीच दोन कामे अंकगणिताच्या साह्याने करते.

राउटरची अडचण येथेच उद्भवते. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी १९१८ या तांत्रिक दस्तऐवजाने पत्त्यांचे तीन गट अंतर्गत जाळ्यांच्या उपयोगासाठी राखून ठेवले. १० ने सुरू होणारे पत्ते, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे पत्ते आणि १९२.१६८ ने सुरू होणारे ६५,५३६ पत्ते, असे ते गट होत. त्यामुळे पुण्यातील एका घरातील राउटर आणि पणजीतील दुसऱ्या घरातील राउटर यांचा पत्ता एकच असू शकतो. ज्या पत्त्याचा धारक एकमेव नाही त्याची ग्वाही कोणतीही प्रामाणिक संस्था कशी देणार? प्रमाणनसंस्था आणि ब्राउझरनिर्माते यांच्या संयुक्त मंडळाने अशा राखीव पत्त्यांसाठी प्रमाणपत्रे देण्याची प्रथा बंद केली आणि शिल्लक राहिलेली प्रमाणपत्रे १ ऑक्टोबर २०१६ पर्यंत रद्द करण्याचे बंधन घातले. परिणामी बहुतेक राउटर स्वतःच्या प्रमाणपत्रावर स्वतःच सही करतात. ब्राउझरच्या दृष्टीने हा स्वतःचाच शिक्का मारलेला कागद असतो आणि म्हणून तो अग्राह्य ठरतो.

म्हणजे येथे बिघाड असा काहीच झालेला नसतो. राउटर आपल्या रचनेनुसार वागलेला असतो आणि ब्राउझर आपल्या नियमानुसार. दोहोंमधील ही विसंगती गृहस्थास समजावून सांगण्याची जबाबदारी मात्र एका वाक्यावर येऊन पडते, आणि ते वाक्य तिला पुरे पडत नाही.

३

‘प्रायव्हेट’ या शब्दाकडे पाहिले असता पहिली गफलत लक्षात येते. आरएफसी १९१८ च्या शीर्षकातच हा शब्द आहे आणि तेथे त्याचा अर्थ मालकीशी व मर्यादेशी निगडित आहे. जो पत्ता घराच्या अथवा कचेरीच्या आवाराबाहेर चालत नाही तो ‘प्रायव्हेट’ पत्ता. इशारावाक्यात हाच शब्द गोपनीयतेच्या अर्थाने येतो. जो संपर्क तिऱ्हाइतास वाचता येणार नाही तो ‘प्रायव्हेट’ संपर्क. त्यामुळे एकाच पृष्ठावर, वरच्या पट्टीत खासगी पत्ता आणि खाली ‘खासगी नाही’ हे विधान, असा देखावा निर्माण होतो. दोन्ही ठिकाणी शब्द योग्यच वापरलेला आहे. तरीही वाचकाच्या हाती विरोधाभास तेवढा लागतो.

मराठीत ही गफलत कमी न होता वाढते. ‘खासगी’ हा फारसी वळणाचा शब्द आहे आणि मराठी राज्यव्यवहारात तो मालकीचा निदर्शक होता. सरकारी दौलतीहून वेगळी ठेवलेली राज्यकर्त्याच्या घरची मिळकत ती खासगी. होळकरांच्या इतिहासात दौलत आणि खासगी असा स्पष्ट भेद आढळतो, आणि ‘खासगीवाले’ हे आडनाव त्याच व्यवस्थेची आठवण देते. ‘खासगी बोलणे’ यासारख्या प्रयोगांत एकांताची छटा आहे हे खरे. तथापि खासगी शाळा, खासगी गाडी, खासगी नोकरी हे आजचे रूढ प्रयोग मालकीच्याच अंगाने जातात. गोपनीयतेसाठी मराठीस गुप्त, गोपनीय हे शब्द उपलब्ध आहेत. ‘तुमचा संपर्क खासगी नाही’ हे वाक्य वाचून, आपण भाड्याची अथवा सार्वजनिक जोडणी वापरीत आहोत काय, असा प्रश्न एखाद्या मराठी वाचकास पडल्यास त्यास दोष देता येणार नाही. शब्दार्थाच्या पातळीवरच वाक्य घसरलेले असते.

४

दुसरा आणि अधिक मूलगामी दोष नकाराच्या योजनेत आहे. संस्कृत व्याकरणात व मीमांसेत नञर्थाचे दोन प्रकार सांगितले आहेत. नकार नामाशी निगडित होऊन त्याहून भिन्न अशा वस्तूचा बोध करून देतो तो पर्युदास. नकार क्रियेशी निगडित होऊन केवळ निषेध करतो आणि पर्यायी असे काही प्रस्थापित करीत नाही तो प्रसज्यप्रतिषेध. राउटरच्या प्रसंगी ब्राउझरला जे ज्ञात असते ते एवढेच, की पलीकडील यंत्राची ओळख सिद्ध झालेली नाही. सिद्ध होण्याच्या क्रियेचा हा शुद्ध निषेध आहे. मथळ्यात मात्र नकार क्रियेपासून निघून विशेषणाशी जाऊन बसतो. ‘सिद्ध झाले नाही’ याच्या जागी ‘खासगी नाही’ असे विधान येते. वाचक ते पर्युदासाप्रमाणे घेतो आणि हा संपर्क उघडा आहे, त्यावर कोणाची तरी नजर आहे, असा भावात्मक निष्कर्ष काढतो. हल्लेखोरांचा उल्लेख करणारे पुढचे वाक्य त्या निष्कर्षास दुजोराच देते. मूळ इंग्रजीत त्या वाक्यात संभाव्यतादर्शक क्रियापद आहे हे मान्य केले पाहिजे. परंतु मथळ्यातील निश्चयार्थाने एकदा धाक बसविल्यावर पोटवाक्यातील ‘कदाचित’ कोणाच्या ध्यानात राहतो?

वस्तुस्थिती याहून बरीच सौम्य आहे. राउटरचे प्रमाणपत्र स्वतःच्याच सहीचे असले तरी संपर्क कूटबद्ध होतच असतो. वाटेत नुसता कान लावून बसलेल्या माणसास तो वाचता येत नाही. जो मध्येच उभा राहून राउटरचे सोंग घेईल त्यासच तो वाचता येईल. याउलट एखाद्या जुन्या राउटरचे पृष्ठ कूटलेखनाविना, साध्या एचटीटीपी पद्धतीने उघडले, तर पासवर्ड उघड्यावरून जातो. मात्र नेहमीच्या मांडणीत ब्राउझर तेथे पूर्ण पृष्ठ अडवीत नाही. जुलै २०१८ मध्ये आलेल्या क्रोमच्या ६८ व्या आवृत्तीपासून अशा पृष्ठांच्या पत्त्याशेजारी ‘नॉट सिक्युअर’ ही छोटी चिठ्ठी लावण्यात येऊ लागली, इतकेच. म्हणजे कुलूप आहे पण त्यावर नाव नाही अशा दारासमोर आरडाओरडा, आणि मुळात कुलूपच नाही अशा दारासमोर हलकीशी कुजबुज. इशाऱ्याची तीव्रता धोक्याच्या प्रमाणात असावी ही किमान अपेक्षा येथे उलटी झालेली दिसते.

५

या दोषाचे मूळ शोधावयाचे तर भारतीय प्रमाणविचाराकडे वळणे उपयुक्त ठरते. अभाव कशाने कळतो, या प्रश्नाचा विचार करताना भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि त्यास योग्यतेची अट घातली. उजेड असता, डोळे चांगले असता, घट असता तर दिसलाच असता अशी परिस्थिती असताना तो दिसला नाही, तरच घटाचा अभाव कळतो. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही यावरून घट नाही असे ठरत नाही. केवळ अनुपलब्धी आणि योग्यानुपलब्धी यांतील हा भेद आहे.

बँकेचे संकेतस्थळ उघडताना मान्य प्रमाणपत्र आढळले नाही, तर ती योग्यानुपलब्धी होय. ते स्थळ खरे असते तर प्रमाणपत्र असलेच असते, कारण बँकेला ते मिळविता येते आणि ती ते मिळवितेच. तेथे प्रमाणपत्राचा अभाव हा सोंगाचा सबळ पुरावा ठरतो आणि वाचकाने माघारी फिरावे हेच उचित असते. १९२.१६८.१.१ या पत्त्यासंबंधी मात्र राउटर पूर्णपणे खरा असतानाही मान्य प्रमाणपत्र मिळू शकत नाही. खोलीत उजेडच नाही. तेथील अभावावरून खरेपणा किंवा खोटेपणा यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. ब्राउझर दोन्ही ठिकाणी एकच वाक्य उच्चारतो आणि दोन भिन्न प्रमाणमूल्यांचे अभाव एकाच पदवीस पोहोचवितो. या वाक्यावरील प्रमुख आक्षेप हाच आहे.

प्रामाण्याच्या वादाशीही या व्यवहाराचे नाते जोडता येते. ज्ञानाचे प्रामाण्य स्वतःसिद्ध आहे असे मीमांसक म्हणतात, तर ते अन्य साधनाने ठरवावे लागते असे नैयायिकांचे मत आहे. ब्राउझर हा वृत्तीने नैयायिक आहे असे म्हणावयास हरकत नाही. यंत्राने स्वतःविषयी काढलेला शब्द त्यास चालत नाही, दुसऱ्याची साक्ष लागते. परतःप्रामाण्यावर घेतला जाणारा प्रसिद्ध आक्षेप अनवस्थेचा आहे : साक्षीदारास साक्षीदार, त्यास आणखी साक्षीदार, ही परंपरा कोठे थांबावयाची? प्रमाणपत्रांच्या जगात ती मूळ प्रमाणपत्रापाशी थांबते, आणि या मूळ प्रमाणपत्रावर त्या संस्थेची स्वतःचीच सही असते. गृहस्थाचा राउटर ज्या कारणास्तव संशयास्पद ठरतो, नेमकी तीच गोष्ट संपूर्ण व्यवस्थेच्या पायाशी आहे. भेद एवढाच, की मूळ प्रमाणपत्राची चौकशी ब्राउझरनिर्मात्याने आधी करून त्यास यादीत स्थान दिलेले असते. राउटरची चौकशी कोणी केलेली नसते.

हे साम्य ताणू नये. मीमांसकांचा सिद्धान्त ज्ञानाविषयी आहे, प्रमाणपत्र हा एक दावा आहे. शिवाय यादीतील आप्तही चुकू शकतो. डिजिनोटार ही नेदरलंड्समधील प्रमाणनसंस्था २०११ साली घुसखोरीस बळी पडली. तिच्या नावाने गूगलच्या स्थळांसाठी बनावट प्रमाणपत्रे निघाली, ब्राउझरनिर्मात्यांनी तिचे नाव यादीतून काढून टाकले आणि त्याच वर्षी ती दिवाळखोरीत गेली. ती बनावट प्रमाणपत्रे चालू असताना ब्राउझर इशारा न देता ती स्वीकारू शकत होते. तात्पर्य, ‘सुरक्षित’ आणि ‘असुरक्षित’ हे वस्तूचे गुणधर्म म्हणून पृष्ठावर मांडले जात असले, तरी प्रत्यक्षात ते साक्षीच्या उपलब्धतेचे वर्णन असते.

६

इशारावाक्याच्या कर्त्यांना या अडचणींची जाणीव नव्हती असे म्हणणे अन्यायाचे होईल. फायरफॉक्सच्या पूर्वीच्या आवृत्त्यांत ‘धिस कनेक्शन इज अनट्रस्टेड’ असा मथळा होता. विश्वासाच्या अभावाची ही भाषा वस्तुस्थितीस अधिक धरून होती. पुढे ‘तुमचा संपर्क सुरक्षित नाही’ या अर्थाचा मथळा आला आणि २०१९ साली ‘वॉर्निंग : पोटेन्शियल सिक्युरिटी रिस्क अहेड’ अशी शब्दयोजना करण्यात आली. तीत ‘संभाव्य’ या अर्थाचा शब्द मथळ्यातच आणला आहे, ही सुधारणा नोंदविण्याजोगी आहे.

या विषयावर प्रयोगनिष्ठ संशोधनही झालेले आहे. सनशाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधाचे शीर्षकच लांडग्याच्या हाकाटीवर बेतलेले आहे. आखावे आणि फेल्ट यांनी २०१३ साली अडीच कोटींहून अधिक इशाऱ्यांच्या नोंदी तपासल्या. प्रमाणपत्राच्या इशाऱ्यास ओलांडून पुढे जाण्याचे प्रमाण तेव्हा क्रोममध्ये सुमारे ७० टक्के आणि फायरफॉक्समध्ये सुमारे ३३ टक्के आढळले. त्यानंतर फेल्ट आणि सहकाऱ्यांनी क्रोमसाठी नवे पृष्ठ रचले आणि २०१५ साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. इशारा वाचकास नीट कळावा या उद्दिष्टात आपण अयशस्वी झालो, अशी स्पष्ट कबुली त्यांनी दिली आहे. मात्र मांडणी, रंग आणि बटणांचा ठळकपणा यांच्या साह्याने माघारी फिरणाऱ्यांची संख्या लक्षणीय वाढली.

ही कबुली भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने काळजीपूर्वक वाचावी अशी आहे. अर्थबोध झाला नाही, पण आज्ञापालन झाले. म्हणजे वाक्याने विधान म्हणून नव्हे, तर दटावणी म्हणून काम केले. ऑस्टिन यांच्या १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील परिभाषेत सांगावयाचे तर, रूप विधानाचे आणि कार्य निषेधाचे. अशा वाक्याचा परिणाम त्याच्या धाकाइतकाच टिकतो. बँकेच्या बाबतीत ही दटावणी हितकारक ठरते. राउटरच्या बाबतीत मात्र गृहस्थास काम करावयाचेच असते, म्हणून तो दटावणी झुगारतो, पुढे जातो आणि काहीही वाईट घडत नाही. ‘लांडगा आला रे आला’ या गोष्टीतील गावकऱ्यांप्रमाणे तो एक धडा शिकतो : हे पृष्ठ आले की ‘अॅडव्हान्स्ड’ वर दाबावे आणि पुढे जावे. तोच धडा तो उद्या बँकेच्या दारात वापरतो. राउटरच्या प्रसंगाचे खरे मोल येथे आहे. घरातील टेबलावर लागलेली सवय बाहेरच्या व्यवहारात महाग पडते.

क्रोममध्ये या पृष्ठावर एक अघोषित वाटही आहे. ‘धिस इज अनसेफ’ ही अक्षरे रोमन लिपीत सलग टंकित केली असता दार उघडते. पूर्वी त्या जागी ‘बॅड आयडिया’ ही अक्षरे चालत. हे असुरक्षित आहे अशी कबुली वाचकाने स्वहस्ते लिहून द्यावी आणि मग पुढे जावे, अशी ही योजना आहे. परंतु घरच्या राउटरपुढे ती कबुली खरी नसते. जो वाचक खोट्या कबुल्या द्यावयास सरावला, त्याच्या पुढच्या कबुलीस काय किंमत राहणार?

७

इशाऱ्याचे वाचन सूक्ष्मपणे कसे करावे, हे आता सांगता येईल. या पृष्ठावरील सर्वांत प्रामाणिक मजकूर मथळ्यात नसून बारीक अक्षरांतील संकेतात आहे. क्रोमचा ‘सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड’ किंवा फायरफॉक्सचा ‘सेल्फ साइन्ड सर्ट’ हा संकेत एवढेच सांगतो, की सही ओळखीच्या संस्थेची नाही. ‘डेट इनव्हॅलिड’ म्हणजे मुदतीचा घोटाळा. संगणकाचे घड्याळ चुकले असण्याची शक्यता प्रथम पाहावी. ‘कॉमन नेम इनव्हॅलिड’ म्हणजे प्रमाणपत्रावरील नाव आणि लिहिलेला पत्ता जुळत नाहीत. प्रमाणपत्र राउटरच्या नावाचे असून उघडताना अंकी पत्ता वापरल्यास असे होते. आवृत्तीच्या अथवा कूटपद्धतीच्या विसंगतीचा संकेत मात्र वेगळ्या जातीचा आहे. तेथे राउटर जुनी संपर्कपद्धती बोलतो आणि ब्राउझर ती ऐकून घेत नाही. टीएलएस १.० आणि १.१ या पद्धती २०२० च्या मध्यास क्रोम व फायरफॉक्स यांनी बंद केल्या आणि मार्च २०२१ मधील आरएफसी ८९९६ ने त्या औपचारिकपणे कालबाह्य ठरविल्या. त्याआधी २०१५ साली लॉगजॅम हा दोष उघडकीस आल्यावर दुर्बळ किल्ल्या नाकारण्यात आल्या आणि कित्येक जुनी उपकरणे एकाएकी अगम्य झाली. या जातीच्या अडचणीत पुढे जाण्याचे बटणच मिळत नाही.

संकेतानुसार कृतीचा क्रम ठरतो. प्रथम आपण कोणाच्या जाळ्यात आहोत हे पाहावे. घरच्या जाळ्यात आणि वसतिगृहाच्या अथवा उपाहारगृहाच्या जाळ्यात फार अंतर आहे, कारण दुसऱ्या ठिकाणी तोच अंकी पत्ता कोणाही तिऱ्हाइताच्या यंत्राचा असू शकतो. नंतर संगणकाच्या जाळेविषयक माहितीत ‘डीफॉल्ट गेटवे’ म्हणून दाखविलेला पत्ता आणि लिहिलेला पत्ता एकच आहे की नाही ते ताडून पाहावे. शक्य असल्यास संगणक तारेने राउटरला जोडावा, म्हणजे मध्येच कोणी उभे राहण्याची शक्यता बरीच कमी होते. एवढे झाल्यावर स्वतःच्या सहीचे प्रमाणपत्र त्या एका पत्त्यापुरते स्वीकारण्यास प्रत्यवाय नाही. प्रमाणपत्राची ठसामुद्रा, म्हणजे त्याची संक्षिप्त अंकाक्षरी खूण, टिपून ठेवावी. पुढे कधी ती बदललेली आढळली आणि राउटर मूळ स्थितीस आणलेला नसेल अथवा त्याची अंतर्गत प्रणाली अद्ययावत केलेली नसेल, तर तेव्हाचा संशय सकारण ठरतो. अनुपलब्धीस तेव्हा योग्यता लाभलेली असते.

जुन्या पद्धतीच्या राउटरसाठी निर्मात्याने दिलेली नवी प्रणाली बसविणे हा खरा उपाय होय. ती मिळत नसेल तर तारेने जोडलेल्या संगणकावरून पत्त्यापूर्वी एचटीटीपी असे स्पष्ट लिहून पाहावे. कित्येक राउटर ती वाट ठेवतात. केवळ एचटीटीपीएस वापरण्याचा आग्रह ब्राउझरच्या मांडणीत चालू केलेला असल्यास तो त्या पत्त्यापुरता शिथिल करता येतो. जुनी पद्धती ब्राउझरमध्ये पुन्हा चालू करणे हा शेवटचा आणि अनिष्ट मार्ग आहे. तो घ्यावाच लागला तर ब्राउझरची स्वतंत्र रूपरेखा त्यासाठी तयार करावी आणि काम होताच ती काढून टाकावी. एका दाराची किल्ली हरवली म्हणून गावातील सर्व कुलपे काढून ठेवण्याचा उद्योग, म्हणजेच सर्वच इशारे बंद करणे, कोणत्याही परिस्थितीत करू नये. नवी उपकरणे घेताना निर्माता प्रणाली किती वर्षे अद्ययावत ठेवणार याची चौकशी करणे, हा या साऱ्याचा व्यावहारिक निष्कर्ष होय.

८

या विवेचनावर एक वजनदार आक्षेप संभवतो. ब्राउझरला पलीकडचे यंत्र घरचे आहे की परके हे कळण्याचा मार्ग नाही. अशा अज्ञानात त्याने भीतीच्या बाजूने चूक करावी हेच श्रेयस्कर नव्हे काय? शिवाय राउटर ही क्षुल्लक वस्तू नाही. त्यातील नामसूचीची मांडणी बदलली तर घरातील प्रत्येकास बँकेच्या जागी भामट्याच्या दारात नेऊन सोडता येते. एखादे दुष्ट पृष्ठ नुसते उघडल्याने, राउटरचा मूळ पासवर्ड बदललेला नसल्यास, असा बदल घडविता येतो, हे स्टॅम, रमझान आणि जेकबसन यांनी २००७ च्या सुमारास दाखवून दिले होते.

आक्षेपातील सत्य मान्यच केले पाहिजे. इशारा नको असे येथील प्रतिपादन नाही. अज्ञान असेल तर वाक्याने अज्ञानच सांगावे, एवढेच म्हणणे आहे. शिवाय ब्राउझर सर्वस्वी अज्ञानात असतो हेही खरे नाही. पत्ता राखीव गटातील आहे ही गोष्ट त्यास पत्त्याच्या अंकांवरूनच कळते. जे कळते ते न सांगणे आणि जे कळत नाही ते ठासून सांगणे, असा दुहेरी दोष सध्याच्या संहितेत आहे. आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ही वाक्यार्थबोधाची अंगे मानली आहेत. राउटरपाशी आलेल्या वाचकाची आकांक्षा ‘हे यंत्र माझेच आहे काय’ अशी असते. क्रेडिट कार्डाचा उल्लेख तिची पूर्ती करीत नाही.

मराठीपुरते बोलावयाचे तर अनुवादकाने मूळ मथळ्याशी एकनिष्ठ राहण्यापेक्षा प्रसंगाशी एकनिष्ठ राहावे. ‘या यंत्राची ओळख पटविता आलेली नाही. हा पत्ता अंतर्गत जाळ्यातील आहे आणि अशा पत्त्यांना मान्य प्रमाणपत्र मिळत नाही. आपण आपल्याच घरच्या जाळ्यात असाल आणि हा आपल्याच राउटरचा पत्ता असेल, तर पुढे जावे. जाळे दुसऱ्याचे असेल, तर येथे पासवर्ड लिहू नये.’ या चार वाक्यांत कोणतीही अलंकारिकता नाही. नकार क्रियेपाशी आहे, ‘खासगी’ या संदिग्ध शब्दास रजा दिली आहे, आणि निर्णय ज्याने घ्यावयाचा त्याच्या हाती निर्णयास पुरेशी सामग्री दिली आहे. मान्य प्रमाणपत्र असावयास हवे अशा सार्वजनिक पत्त्यावर याहून कडक, वेगळे वाक्य यावे. दोन प्रसंगांना दोन वाक्ये मिळाली, म्हणजे कडक वाक्याचा धाकही शाबूत राहील.

कोशकार आणि व्याकरणकार ज्या काटेकोरपणाने शब्दाची पारख करतात, त्याच काटेकोरपणाची या अनाम लेखकांच्या गद्यास गरज आहे. मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात व्यावहारिक भाषेचा विचार जेथे होतो, तेथे अर्ज, अहवाल आणि जाहिराती यांच्या जोडीस इशारावाक्यांचाही समावेश व्हावा. त्यांच्या अनुवादाचे काम आज भाषेच्या अभ्यासकांवाचून चालू आहे, आणि त्याची किंमत मुकाट्याने ‘अॅडव्हान्स्ड’ वर बोट ठेवणारा वाचक मोजीत आहे.